घोडेबदली

पसरणीचा घाट चढायच्या आधी
टांग्यांची घोडी जिथे बदलायचे
ती जागा म्हणजे घोडेबदली.
कागदोपत्री नाव वेगळं होतं,
कमानीवर कोरलेलं, इंग्रजीत,
त्यातली चार अक्षरं शेवाळानं खाल्लेली.
आम्ही कधी वाचलं नाही.
आई म्हणायची, जाते गं घोडेबदलीला,
आणि आम्हाला कळायचं, आज उशीर.

आई तिथे उतारूंसाठी भाकऱ्या थापायची.
घोडी मी पाहिली नाहीत.
मी पाहिली ती त्यांच्या पाण्याची दगडी डोण,
काठ जिभांनी गुळगुळीत झालेला.
त्या डोणीत मी मास्तरांचे कुंचले धुवायचे.

मास्तर म्हणजे त्रिंबक गुरव.
आठवड्यातून दोन दिवस शाळेत ड्रॉइंग,
उरलेले दिवस डोंगराचे.
बसायचे व्हरांड्यात, तिसऱ्या खांबाशी,
कारण तिथली फरशी तेवढी डुगडुगत नव्हती.
समोर पांडवगड. डाव्या हाताला
धोमच्या अंगाची शेतं.

कासमभाईंची वही लाल कापडाची.
तीत पुण्याचे साहेब, भोरचे वकील,
रात्रभर भांडलेलं एक नवीन जोडपं,
आणि दर शनिवारी एक ओळ :
मास्तर. चहा चार. अंडी दोन.
जमा डोंगर एक.
चित्रातलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही.
कागद उलटा धरून म्हणायचे,
पाऊस बरा दिसतोय.
पण वहीत खाडाखोड कधी केली नाही.

एकदा मी म्हटलं, मास्तर, डोंगर निळा नसतोय.
मी गेलेय वर, करवंदांना.
तांबडा आहे, आणि पाय भाजतात.
त्यांनी कुंचला चहात बुडवला,
चुकून, का मुद्दाम, कोण जाणे.
म्हणाले, चिमे, तू गेलीयस.
मला इथून भाजत नाही.

मग धोमला पाणी अडवलं.
डाव्या हाताचं सगळं
एका पावसाळ्यात चकाकायला लागलं.
उतारू व्हरांड्यात उभे राहून म्हणायचे, वा!
मास्तरांना म्हणायचे, हे काढा की.
अजून ओलंय, मास्तर म्हणायचे,
हात लावला तर पसरेल.
नऊ वर्षं हेच म्हणाले.
नऊ वर्षं त्यांच्या कागदावर डावीकडे
शाळू, चार आंबे, कौलांचं एक पाखं,
बाहेर फक्त पाणी.

माझी आत्या त्या पाण्याखालची.
एकदा आईला भेटायला आली,
पदराला हात पुसत चित्राजवळ गेली,
बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, आमचा बांध एवढा सरळ नव्हता.
मास्तरांनी ओल्या बोळ्यानं पुसला
आणि मुकाट्यानं वाकडा केला.
आणखी? ते म्हणाले.
आणखी थोडा, आत्या म्हणाली,
बाभळीपाशी.
आम्ही तिघी आणि मास्तर,
बाभूळ लागेपर्यंत कोणी बोललं नाही.
भाकरी करपली त्या दिवशी.

कासमभाई गेले. वही रद्दीत गेली.
तीनशेच्या वर डोंगर जमा होते हिशेबानं,
ते मुलांत वाटले, काहींना ओल लागली,
काही कुणी नेले ते आणून दिले नाहीत.
मास्तर कधी गेले मला उशिरा कळलं,
मी तेव्हा सांगलीला नांदत होते.

एक माझ्याकडे आहे. उजव्या कडेला
वरपासून खालपर्यंत काळसर पट्टा.
सून म्हणते, डाग पडलाय, कापून फ्रेम करू.
मी म्हणते, राहू दे.
तिसरा खांब आहे तो.

परवा घाटाखाली गाडी थांबली, चाक बसलं होतं.
कमान नाही, व्हरांडा नाही,
पत्र्याचं दुकान, टायरांची उतरंड.
म्हटलं, अजून काहीतरी बदलतातच इथे.
आणि दुकानापुढे ती डोण, तीच,
काठ तसाच.
पोरानं त्यात फुगवलेली ट्यूब दाबून धरली,
गोल फिरवत राहिला.
पाणी काळं, वर तेलाचे रंग.
मी चष्मा सावरून वाकले.
एका जागी बुडबुडे यायला लागले,
बारीक, न थांबता.
सापडलं, पोरगा म्हणाला.